दोन छोट्या इलेक्ट्रिक मोटारींच्या पिकअपची तुलना कशी करावी

दोन छोट्या इलेक्ट्रिक मोटारींपैकी अधिक चपळ कोणती, हा प्रश्न सहसा एकाच आकड्यावर निकाली काढला जातो: उभ्या गाडीने ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला किती सेकंद घेतले. हा आकडा उपयोगाचा आहे, पण इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत तो निम्मीच हकीकत सांगतो; कारण मोटरचा जोर सुरुवातीला एका नियमाने आणि पुढे दुसऱ्याच नियमाने मिळतो, आणि हा बदल प्रत्येक गाडीत वेगळ्या वेगाला घडतो. म्हणून तुलना वेगाच्या टप्प्यांनुसार करावी, दोन्ही गाड्या एकाच परिस्थितीत ठेवून करावी, आणि ज्या टप्प्यात आपली गाडी रोज धावणार आहे त्या टप्प्याला सर्वांत अधिक वजन द्यावे.

हे किती खरे आहे ते उत्पादकांनी जाहीर केलेल्या आकड्यांतूनच दिसते. मिनी कूपर एसईच्या पहिल्या आवृत्तीची मोटर १३५ किलोवॅटची आहे आणि ती गाडी ७.३ सेकंदांत १०० चा वेग गाठते. फियाट ५००ईच्या ४२ किलोवॅट-तास बॅटरीच्या आवृत्तीची मोटर ८७ किलोवॅटची असून तिला ९ सेकंद लागतात. एवढेच वाचले तर फियाट सर्वत्र मागे राहणार असे वाटते. पण मिनीला शून्यापासून ६० पर्यंत ३.९ सेकंद लागतात, म्हणजे दर सेकंदाला वेगात सरासरी १५ किलोमीटरची भर पडते, तर फियाट शून्यापासून ५० पर्यंत ३.१ सेकंदांत पोचते, म्हणजे दर सेकंदाला १६ ची भर. टप्पे तंतोतंत सारखे नसले तरी सिग्नल सुटल्यावर चौक ओलांडेपर्यंत दोघी जवळजवळ बरोबरीने जातात, हे त्यातून स्पष्ट होते. एकूण १.७ सेकंदांचा फरक जवळपास सगळा पुढच्या टप्प्यात पडतो: मिनी ६० वरून १०० वर ३.४ सेकंदांत जाते आणि फियाटला ५० वरून १०० वर जायला ५.९ सेकंद लागतात. ज्याची गाडी मोकळ्या महामार्गावर क्वचितच जाते, त्याने या १.७ सेकंदांसाठी मन घट्ट करून जास्त शक्तीची गाडी शोधण्याचे कारण नाही.

कागदावरची तुलना

गाडी हातात येण्यापूर्वी माहितीपत्रकावरून बरेच काही ताडता येते, मात्र त्याआधी आकडे एका मापात आणावे लागतात. शक्ती कुठे किलोवॅटमध्ये दिलेली असते, कुठे अश्वशक्तीत. एक मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे पीएस, ०.७३५५ किलोवॅटची असते आणि एक ब्रेक अश्वशक्ती, म्हणजे बीएचपी, ०.७४५७ किलोवॅटची. त्याहून मोठी गल्लत दुसऱ्या ठिकाणी होते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ८५ मध्ये इलेक्ट्रिक मोटरची कमाल शक्ती आणि सलग ३० मिनिटे टिकणारी शक्ती अशा दोन स्वतंत्र मोजण्या आहेत, आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान असू शकतो. पिकअपसाठी कमाल शक्तीच पाहावी. एका गाडीची कमाल आणि दुसरीची ३० मिनिटांची शक्ती शेजारी मांडली तर सगळी तुलना पहिल्याच ओळीत फसते. वजनाचेही तसेच आहे. युरोपीय पद्धतीच्या वजनात ७५ किलोचा चालक धरलेला असतो, इतर काही तक्त्यांत तो नसतो.

वेगाचा टप्पाही नीट पाहावा. टाटा टियागो ईव्ही बाजारात आली तेव्हा तिचे आकडे शून्य ते ६० चे दिले गेले: मोठ्या बॅटरीच्या, ५५ किलोवॅटच्या आवृत्तीला ५.७ सेकंद आणि लहान बॅटरीच्या, ४५ किलोवॅटच्या आवृत्तीला ६.२ सेकंद. दोन आवृत्त्यांच्या शक्तीत सुमारे २२ टक्क्यांचा फरक असूनही वेळेत फरक नऊच टक्क्यांचा आहे, कारण त्यांचा टॉर्क, म्हणजे मोटरचा फिरवण्याचा जोर, ११४ आणि ११० न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ सारखा आहे आणि कमी वेगात काम टॉर्कचे असते. हे आकडे दुसऱ्या गाडीच्या शून्य ते १०० च्या आकड्याशेजारी ठेवू नयेत. शून्य ते ६० मैल हा टप्पाही ९६.६ किलोमीटरवर संपतो, १०० वर नाही, आणि छोट्या गाडीत शेवटचे साडेतीन किलोमीटर सहज अर्धा सेकंद खातात.

आता मुख्य हिशेब. मोटरचा टॉर्क जसाच्या तसा रस्त्यापर्यंत पोचत नाही. टॉर्कला गिअरच्या गुणोत्तराने, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात मोटर जितके फेरे घेते त्या संख्येने, गुणून चाकाच्या त्रिज्येने भागले म्हणजे चाकापाशी मिळणारे बल कळते, आणि त्या बलाला गाडीच्या वस्तुमानाने भागले म्हणजे त्वरण, अर्थात वेग वाढण्याचा दर. छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांत जवळजवळ नेहमी एकच गिअर असतो, त्यामुळे हा हिशेब पेट्रोल गाडीपेक्षा सोपा आहे. दोन माहितीपत्रकांवर २०० न्यूटन-मीटर हाच आकडा असला तरी गिअरचे गुणोत्तर वेगळे असेल तर दोन्हींची ओढ वेगळी असते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी फार थोडे लोक विचारात घेतात.

उदाहरणासाठी दोन काल्पनिक गाड्या घेऊ. दोघींचे चालकासह वजन १,३०० किलो, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर, मोटरचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, आणि गिअरमध्ये वाया जाणारी शक्ती ५ टक्के. पहिलीची शक्ती ८० किलोवॅट आणि गिअरचे गुणोत्तर ९.६, दुसरीची शक्ती १०० किलोवॅट आणि गुणोत्तर ८. पहिलीच्या चाकांपाशी सुमारे ६,०८० न्यूटन बल मिळते, दुसरीच्या सुमारे ५,०७०. मात्र हे बल कायम राहत नाही. बल आणि वेग यांचा गुणाकार चाकांपर्यंत पोचणाऱ्या शक्तीएवढा झाला की तिथून पुढे शक्ती स्थिर राहते आणि वेग वाढेल तसतसे बल कमी होत जाते. चाकांपर्यंत पोचणाऱ्या शक्तीला बलाने भागले की हा वळणाचा वेग, म्हणजे जिथे हा बदल होतो तो वेग, मिळतो: पहिलीचा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, आणि दुसरीचा सेकंदाला १८.७५ मीटर, म्हणजे ताशी साडेसदुसष्ट किलोमीटर.

टायर घसरत नाहीत असे धरून, आणि फिरणाऱ्या भागांचे जडत्व, टायरचा व हवेचा अडथळा यांचा साधारण अंदाज मिळवून हिशेब केला, तर पहिली गाडी ३.२ सेकंदांत ५० चा वेग गाठते आणि दुसरी ३.९ सेकंदांत. ८० पर्यंत पोचेतो अंतर मिटत आलेले असते, पहिलीला ६.१ सेकंद आणि दुसरीला ६.३. शंभरावर चित्र उलटते: पहिली ८.९, दुसरी ८.५. सगळ्यांत बोलका आकडा ६० ते १०० या टप्प्याचा आहे, तिथे पहिलीला ४.९ सेकंद लागतात आणि दुसरीला ३.९. शून्य ते १०० मध्ये ज्या गाड्यांत अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही, त्यांतली एक शहरात स्पष्टपणे पुढे आहे आणि दुसरी ट्रकला मागे टाकताना पूर्ण एक सेकंद वाचवते.

वळणाच्या वेगाच्या वरच्या टप्प्यासाठी एक साधे सूत्र हाताशी ठेवावे. वेग मीटर प्रतिसेकंदात लिहावा, शेवटच्या वेगाच्या वर्गातून सुरुवातीच्या वेगाचा वर्ग वजा करावा, आलेल्या संख्येला वस्तुमानाने गुणून चाकांपाशी मिळणाऱ्या शक्तीच्या दुपटीने भागावे. वस्तुमानात फिरणाऱ्या भागांसाठी तीनचार टक्के आधीच मिळवावेत आणि आलेल्या वेळेत अडथळ्यांसाठी दहाबारा टक्क्यांची भर घालावी. उत्तर प्रत्यक्ष मोजणीच्या इतके जवळ येते की जाहिरातीतला एखादा आकडा अशक्य असेल तर तो इथेच उघडा पडतो.

टायरची पकड

वरच्या हिशेबात टायर घसरत नाहीत असे धरले, पण छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांत नेमकी तीच अडचण असते, कारण मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क देऊ शकते. वरची पहिली गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे आणि तिचे ५५ टक्के वजन पुढे आहे असे समजू. जोरात निघताना वजन मागच्या चाकांवर सरकते आणि ज्या चाकांना ओढायचे आहे तीच हलकी होतात. अशा गाडीला सेकंदाला ४.४ मीटर प्रतिसेकंद एवढे त्वरण साधायचे तर टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, जवळजवळ १ असावा लागतो. सर्वसाधारण टायर कोरड्या डांबरावर याच्या आसपास कसेबसे पोचतात आणि ओल्या रस्त्यावर पोचतच नाहीत, त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाके घसरू न देणारी यंत्रणा, मोटरचा जोर कापते. हेच बल मागच्या चाकांना दिले तर सरकणारे वजन मदतीला येते आणि ०.८५ च्या आसपासचा घर्षणांक पुरतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पुढच्या चाकांवर चालणारी एक गाडी आणि मागच्या चाकांवर चालणारी दुसरी यांची तुलना करताना कोरड्या रस्त्यावरची मोजणी पुरेशी नाही. ओल्या रस्त्यावर शून्य ते ५० हा टप्पा वेगळा मोजावा, आणि दोन्ही गाड्यांच्या टायरची बनावट व झीज लिहून ठेवावी. कमी घर्षणाचे, रेंज वाढवणारे टायर एका गाडीला आणि सामान्य टायर दुसरीला असतील, तर सुरुवातीच्या टप्प्यातला फरक गाडीचा की टायरचा हे सांगता येणार नाही.

मोजणीची तयारी

प्रत्यक्ष मोजणी सार्वजनिक रस्त्यावर करू नये. बंद ट्रॅक, वापरात नसलेली धावपट्टी किंवा परवानगी घेतलेली खासगी जागाच वापरावी. वरच्यासारखी गाडी १०० चा वेग गाठेपर्यंत १२५ ते १४५ मीटर जाते आणि तिला थांबायला आणखी चाळीसेक मीटर लागतात; चालकाचा प्रतिसाद आणि सुरक्षिततेची मोकळीक धरली तर अर्धा किलोमीटर सरळ, सपाट जागा असलीच पाहिजे.

गाडीच्या स्पीडोमीटरवर मोजणी आधारू नये. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इतका जास्त दाखवलेला चालतो. खरा वेग १०० असताना काट्याने ११४ दाखवले तरी ते नियमात बसते. डॅशबोर्डचे चित्रण करून सेकंद मोजणारे जे व्हिडिओ दिसतात, त्यांत ज्या गाडीचा काटा अधिक पुढे पळतो ती गाडी वेगवान ठरते.

त्याऐवजी सेकंदाला किमान दहा वेळा नोंद घेणारे जीपीएस यंत्र वापरावे. फोनमधले जीपीएस बहुधा सेकंदाला एकच नोंद देते, आणि त्या एका सेकंदात गाडीचा वेग १५ किलोमीटरने वाढलेला असतो. मधले सगळे अंदाजाने भरले जाते. फोनच्या त्वरणमापकावर विसंबणारी ॲप्सही बेताचीच समजावीत. जोरात निघताना गाडीचे नाक वर उचलले जाते आणि गुरुत्वाकर्षणाचा एक अंश त्वरणात मिसळतो; एका अंशाच्या कलाने सेकंदाला ०.१७ मीटर प्रतिसेकंदाची चूक येते, आणि मऊ सस्पेन्शनच्या गाडीला तिचा फुकटचा फायदा मिळतो.

यंत्रात ‘रोलआउट’ नावाची सोय असते. ती चालू असेल तर गाडी पहिला एक फूट, म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, पुढे सरकल्यावरच घड्याळ सुरू होते. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींमधून ही पद्धत आली आहे. वरच्या पहिल्या गाडीला या एका फुटाला ०.३७ सेकंद लागतात आणि दुसरीला ०.४१, म्हणजे संथ निघणाऱ्या गाडीला सवलतही जास्त मिळते. माझ्या मते छोट्या गाड्यांसाठी ही सोय बंदच ठेवावी. रोज सिग्नलला उभे राहणाऱ्याला तो पहिला फूटही पार करावाच लागतो.

बॅटरीची अवस्था दोन्हीकडे सारखी असणे ही या तुलनेतली सर्वांत दुर्लक्षित अट आहे. चार्ज कमी होतो तसे बॅटरीचे व्होल्टेज उतरते आणि तेवढीच शक्ती द्यायला अधिक प्रवाह खेचावा लागतो. एका मर्यादेनंतर गाडीचे नियंत्रक शक्तीच कमी करते. थंडीत लिथियम-आयन बॅटरीच्या आतल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि शक्ती घटते, तर लागोपाठच्या जोरदार धावांनी मोटर, बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी तापल्या तरीही तोच परिणाम होतो. दोन्ही गाड्या ८० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून, पंधरावीस मिनिटे सामान्यपणे चालवून मगच मोजणी सुरू करावी. एसी बंद, खिडक्या बंद, टायरमधली हवा गाडीवरच्या पट्टीत दिली आहे तेवढी, तीही गाडी थंड असताना भरलेली. चालक एकच ठेवावा, नाहीतर हलक्या चालकाच्या गाडीत तेवढे किलो भरावेत.

ड्राइव्ह मोडबाबत थोडे सावध राहावे लागते. काही गाड्यांत स्पोर्ट मोडने फक्त पेडलचा प्रतिसाद तिखट होतो. अर्ध्या पेडलवर गाडी उसळते, पण पूर्ण पेडलवर नॉर्मल आणि स्पोर्टमध्ये शक्ती तीच असते. काहींत कमाल शक्तीच वाढते. इको मोडमध्ये कुठे शक्ती खरोखर कापलेली असते आणि कुठे पेडल तळापर्यंत दाबले की ती पूर्ण परत मिळते. म्हणून दोन्ही गाड्या आधी त्यांच्या सर्वांत वेगवान मोडमध्ये आणि मग रोजच्या मोडमध्ये मोजाव्यात. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, आणि पहिला हिसका जिचा जोरदार ती गाडी वेगवान असा समज फार पटकन होतो; घड्याळ पुष्कळदा वेगळेच सांगते.

प्रत्यक्ष धावा

धावांचा क्रम पहिली, दुसरी, दुसरी, पहिली असा ठेवावा, म्हणजे दिवस तापत जाण्याचा किंवा वारा वाढण्याचा परिणाम दोघींवर सारखा वाटला जातो. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दिशेला तीन तरी धावा घ्याव्यात आणि मधल्या वेळेत गाडीला निवू द्यावे. दोन्ही दिशांची सरासरी घेणे टाळू नये. डोळ्यांना न जाणवणारा एक टक्का चढ सेकंदाला ०.१ मीटर प्रतिसेकंद त्वरण हिरावतो. ६० ते १०० ला ४.९ सेकंद घेणाऱ्या गाडीची त्यातच ०.२ सेकंदांची हानी होते. वाऱ्याचा परिणाम दिशा बदलूनही पुरता फिटत नाही, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९० च्या वेगाला समोरून ताशी ११ किलोमीटरचा मंद वारा आला तरी अडथळा पाव पटीने वाढतो, त्यामुळे निवांत सकाळ निवडावी.

उभ्याने निघण्याच्या धावेत पेडल एका झटक्यात तळापर्यंत दाबावे, ट्रॅक्शन कंट्रोल चालूच ठेवावे, आणि एकाच धावेच्या नोंदीतून ३०, ५०, ८० आणि १०० या वेगांच्या वेळा काढाव्यात. धावत्या टप्प्यांसाठी, म्हणजे ३० ते ५० आणि ६० ते १००, दोन पद्धती आहेत आणि दोन्ही कराव्यात. पहिलीत टप्प्याच्या पाचेक किलोमीटर खालीच पेडल दाबावे, त्यामुळे फक्त मोटरची ताकद मोजली जाते. दुसरीत नेमक्या ६० वर स्थिर राहून पेडल दाबावे आणि दाबल्याच्या क्षणापासून घड्याळ धरावे. पेडल आणि जीपीएसचा पडदा एकाच चौकटीत दिसतील असे चित्रण केले की तो क्षण सापडतो. दोन पद्धतींतला फरक म्हणजे गाडीचा उशीर. गिअरमधला धक्का टाळण्यासाठी काही उत्पादक टॉर्क हळूहळू चढवतात, आणि अशी गाडी ताकदीला कमी नसूनही सुस्त वाटते.

प्रत्येक टप्प्यासाठी सरासरीऐवजी मधली वेळ घ्यावी, म्हणजे एखादी बिघडलेली धाव निकाल फिरवत नाही. त्याबरोबर सर्वांत जलद आणि सर्वांत मंद धावेतले अंतरही लिहावे. एकाच गाडीच्या धावा आपसांत ०.२ सेकंदांनी वरखाली होत असतील, तर दोन गाड्यांमधल्या ०.१ सेकंदाच्या फरकाला काही अर्थ नाही आणि त्या टप्प्यात दोघी बरोबरीच्या मानाव्यात.

वेळ उरला तर दोन मोजण्या आणखी कराव्यात. एक म्हणजे चार माणसे बसवून ६० ते १०० ची; चालकाखेरीज तीन माणसांचे सव्वादोनशे किलो १,३०० किलोच्या गाडीत १७ टक्के भर घालतात आणि वेळही जवळपास त्याच प्रमाणात वाढते, म्हणून हलक्या गाडीची आघाडी इथे कमी होते. दुसरी, चार्ज २० टक्क्यांच्या खाली असताना तोच टप्पा. पूर्ण चार्जवर पुढे असलेली गाडी इथे मागे पडू शकते, आणि घरी परतताना बॅटरी उतरलेली, गाडी भरलेली आणि पुढे एक संथ ट्रक अशी वेळ येते तेव्हा चालकाला हवा असतो तो याच टप्प्याचा आकडा.